कोकून जाऊ द्या, एक्सएसएलटी राहू द्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: शेतीपंप आणि अवजारांच्या माहितीपुस्तिका काढणारी एक जुनी वेब प्रणाली तुमच्या गळ्यात पडली आहे. ती अपाची कोकून २.१ वर, म्हणजे एक्सएमएलपासून पानं बनवणाऱ्या एका जुन्या जावा चौकटीवर, चालते. आत नऊशेच्या आसपास एक्सएमएल फाइली (खुणांनी बांधलेला मजकूर) आणि चाळीसेक स्टाइलशीट (त्या मजकुराचं रूप बदलणारे, एक्सएसएलटी भाषेत लिहिलेले नियम) आहेत आणि एकाच मजकुरातून वेबपानंही निघतात, पीडीएफही. ज्याने लिहिली तो कधीच सोडून गेला. आता कंपनीला मराठी आवृत्ती हवी आहे, सर्व्हरवरची जावा ८ हलवायची आहे, आणि साहेबांचं म्हणणं आहे की एक्सएमएल मेलं, सगळं जेसॉनमध्ये (किल्ली आणि किंमत अशा जोड्यांत डेटा लिहायची पद्धत) आणा आणि रिॲक्टमध्ये (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) नव्याने लिहा. तुम्ही विचारताय की साहेबांचं ऐकू, की कोकूनच कसंबसं रेटत राहू?

दोन्ही नको. का नको, त्यासाठी जरा पाल्हाळ लावावं लागेल. मी २००३ पासून या फंदात आहे. कोकूनवर तीन प्रणाली उभ्या केल्या आणि त्यातल्या दोन पुढे स्वतःच्याच हाताने उतरवल्या. म्हणजे त्याच्याबद्दल माया आणि चीड दोन्ही आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

तुमच्यासमोर एक्सएमएल की जेसॉन हा प्रश्नच नाही. कोकूनने तीन गोष्टींची एक मोट बांधलेली असते: मजकूर, त्याचं रूपांतर, आणि कोणत्या पत्त्याला काय द्यायचं याची वाहतूक. ज्यांनी कोकून पाहिलेलं नाही त्यांनी गुऱ्हाळ डोळ्यासमोर आणावं. जनरेटर ऊस घालतो, म्हणजे एक्सएमएल वाचतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे चरक आणि कायल, तिथे एक्सएसएलटी चालते. शेवटी सीरिअलायझर. त्याच रसाची काकवी काढा किंवा ढेप पाडा, म्हणजे एचटीएमएल काढा नाहीतर पीडीएफ. कोणत्या पत्त्यासाठी कोणती रांग लावायची ते साइटमॅप नावाच्या एका एक्सएमएल फाइलीत लिहिलेलं असतं. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. म्हातारं झालंय ते गुऱ्हाळाचं शेड. ऊस ताजा आहे, चरकही चालतो.

एक्सएसएलटी १.० ही १९९९ ची शिफारस आहे, ३.० ही २०१७ ची. एक्सएसएलटी चालवणारं सॅक्सनसारखं इंजिन आजही सांभाळलं जातं. उलट कोकून २.२ हे २००८ चं, आणि कोकून ३ अल्फाच्या पुढे गेलंच नाही. म्हणून माझा सल्ला: मजकूर आणि स्टाइलशीट ठेवा, वाहतूक नव्याने लिहा. तो नवा भाग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो.

साहेबांच्या जेसॉनबद्दल. पंपांचे मॉडेल क्रमांक, अश्वशक्ती, किमती हा सगळा चौकटीतला डेटा आहे, तो खुशाल जेसॉनमध्ये द्या. पण पुस्तिकेतलं वाक्य बघा: ‘झडप हळू उघडा, तक्ता ३ पाहा’. यात एक शब्द ठळक आहे, मध्येच एक संदर्भ आहे, कदाचित त्यावर तळटीपही आहे. मजकुरात खुणा मिसळलेल्या असतात, आणि एक्सएमएल मुळात त्यासाठीच जन्माला आलं. असा मजकूर जेसॉनमध्ये नेण्याच्या एका कामात मी होतो. चार महिने गेले, आणि शेवटी काय उरलं? जेसॉनच्या एका किल्लीत कोंबलेली एचटीएमएलची लांबच लांब ओळ. म्हणजे खुणा तिथेच राहिल्या, फक्त त्या तपासणारा स्कीमा, म्हणजे रचनेचे नियम, गेला.

साहेबांनी बहुतेक ‘क्रोम एक्सएसएलटी काढतंय’ ही २०२५ ची बातमी वाचली असावी. ती खरी आहे, पण ती ब्राउझरच्या आत चालणाऱ्या एक्सएसएलटीबद्दल आहे. तुमचा सर्व्हर कच्चं एक्सएमएल ब्राउझरकडे पाठवून ‘आता तूच सजव’ म्हणत असेल तर तुम्हाला ती लागू. कोकून रूपांतर सर्व्हरवर करून तयार एचटीएमएल पाठवतं, त्यामुळे तुम्हाला तिचा ताप नाही. तरी एकदा एक्सएमएल पाठवणारे पत्ते कुठे आहेत का ते शोधून ठेवा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात ते आलेलं नाही. पहिलं म्हणजे तुमच्या प्रणालीत फ्लोस्क्रिप्ट आहे का? कोकूनमध्ये सर्व्हरवर जावास्क्रिप्ट लिहून, मध्येच थांबून, वापरकर्त्याने फॉर्म भरला की तिथूनच पुढे जायची सोय होती. त्या काळी आम्हाला ती जादूच वाटायची. पण ती जशीच्या तशी हलवता येत नाही, तो भाग नव्याने लिहावाच लागतो. दुसरं, एक्सएसपी पानं आहेत का, म्हणजे एक्सएमएलच्या पोटात लिहिलेला जावा कोड? असेल तर तोही मोडीत काढायचा. ही दोन्ही थोडी असतील तर माझ्या अनुभवाने दोन माणसांचं दीड-दोन महिन्यांचं काम आहे. चौकशी अर्ज, लॉगिन, मंजुरीचे टप्पे असं सगळं फ्लोस्क्रिप्टवर असेल तर मात्र हा हिशोब विसरा.

सुरुवात कोडने करू नका. आधी सर्व्हरचे गेल्या सहा महिन्यांचे लॉग घ्या आणि साइटमॅपमधल्या प्रत्येक नोंदीपुढे ती किती वेळा वापरली गेली ते लिहा. माझ्या दोन्ही कामांत निम्म्याहून अधिक नोंदी मेलेल्या निघाल्या. एक तर मोबाइलवर वॅप असायचं त्या काळातली होती. मग जिवंत पत्त्यांचं आजचं सगळं आउटपुट उतरवून जपून ठेवा. एचटीएमएल मोकळी जागा आणि ॲट्रिब्यूटचा क्रम सारखा करून, आणि पीडीएफ पानापानाची चित्रं करून. ही तुमची कसोटी. पुढे प्रत्येक बदलानंतर नवं आउटपुट याच्याशी ताडायचं. कंटाळवाणं काम आहे, पण पुढची सगळी भांडणं यानेच मिटतात.

मग जावात वेब विनंत्यांना उत्तर देण्यासाठी स्प्रिंग बूट किंवा साधं सर्व्हलेट, हाताशी जे असेल ते घ्या. प्रत्येक रांगेसाठी एक छोटा कंट्रोलर: फाइल शोधा, स्टाइलशीट लावा, उत्तर पाठवा. स्प्रिंग बूट ३ ला जावा १७ लागते आणि सर्व्हलेटची पॅकेजेस तिथे जाकार्ता या नावाखाली गेली आहेत. तेव्हा जुने फिल्टर वगैरे उचलून आणलेत तर ते कंपाइलच होणार नाहीत. ही अडचण दिसते तरी. न दिसणारी वेगळीच आहे. जुन्या प्रणालीत झालान (जुनं एक्सएसएलटी इंजिन) आणि झर्सिस (एक्सएमएल वाचणारा पार्सर) यांच्या जार, म्हणजे जावाच्या लायब्ररी-फाइली, एका खास फोल्डरमध्ये टाकायची पद्धत होती, ती सोय जावा ९ पासून गेली. आता कुठल्यातरी लायब्ररीच्या शेपटाला धरून झालानची जार क्लासपाथमध्ये (जावा जिथे कोड शोधते ती यादी) येते आणि गुपचूप तुमचं एक्सएसएलटी इंजिन होऊन बसते. म्हणून ‘जे मिळेल ते इंजिन दे’ असं जावाला विचारू नका, सॅक्सनची फॅक्टरी नाव घेऊन बनवा.

सॅक्सनच का? कारण जावासोबत येणारं इंजिन फक्त १.० जाणतं. सॅक्सनची होम एडिशन मुक्त आहे आणि ३.० चा बहुतेक भाग तिच्यात मिळतो. गट पाडण्यासाठी जुन्या स्टाइलशीटमध्ये जी किल्ल्यांची कसरत असते ती एका सूचनेवर येते. पण दोन ठिकाणी ठेच लागेल. १.० मध्ये व्हॅल्यू-ऑफला, म्हणजे मजकूर छापणाऱ्या सूचनेला, पाच नोड (एक्सएमएलचे घटक) दिले तर तो पहिल्याचाच मजकूर छापतो. आवृत्ती २.० किंवा ३.० लिहिली की पाचही छापतो, मध्ये मोकळी जागा सोडून. जुन्या लेखकाने नकळत पहिल्या नोडवर भिस्त ठेवलेली असते, आणि मग पानाच्या शीर्षकात अचानक सगळ्या उपशीर्षकांची माळ येते. वर सांगितलेली कसोटी इथे कामाला येते. दुसरं, स्टाइलशीटमधून थेट जावाच्या मेथडला हाक मारलेली असेल तर होम एडिशन ती ऐकत नाही. ते फंक्शन वेगळं लिहून सॅक्सनकडे नोंदवावं लागतं. तुमच्या चाळीस स्टाइलशीटमध्ये अशा हाका किती आहेत ते आजच शोधा.

आणखी एक कोकूनची खोड. स्टाइलशीटमध्ये डॉक्युमेंट फंक्शनने कोकूनच्याच दुसऱ्या रांगेला बोलावलेलं असतं, बहुतेक वेळा मेनू किंवा अनुक्रमणिका आणण्यासाठी. पत्त्याच्या सुरुवातीला ‘कोकून’ असा उपसर्ग असतो. अशी प्रत्येक जागा बदलत बसू नका. जावात यूआरआय रिझॉल्व्हर लिहा, तो हा उपसर्ग ओळखेल आणि आत योग्य ते रूपांतर चालवून परत देईल. पन्नास-साठ ओळींचं काम आहे आणि स्टाइलशीटला हातही लागत नाही.

आता जी चूक मी केली ती तुम्ही करू नका. जावात कंपाइल केलेली स्टाइलशीट म्हणजे टेम्प्लेट्स. ती एकदा बनवून सगळ्या विनंत्यांना वाटून द्यायची. तिच्यापासून बनणारा ट्रान्सफॉर्मर मात्र एका विनंतीपुरता, तो दोन थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामांत) वाटायचा नसतो. बऱ्याच वर्षांपूर्वी पावत्या छापणाऱ्या एका कामात मी ट्रान्सफॉर्मरच सर्व्हलेटच्या फील्डमध्ये ठेवला. टेस्टिंगला एकच माणूस, त्यामुळे सगळं सुतासारखं सरळ. लाइव्ह गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, एका ग्राहकाच्या पावतीवर दुसऱ्याचं नाव. पॅरामीटर एकाचे, डेटा दुसऱ्याचा. त्या रात्री घरी गेलो नाही.

आणि मुळात सगळं विनंतीच्या वेळी चालवायचं कशाला? तुमच्या पुस्तिका महिन्यातून किती वेळा बदलतात? दोनदा? मग नऊशे फाइलींचं एचटीएमएल आणि पीडीएफ बदलाच्या वेळीच तयार करून ठेवा आणि साध्या वेब सर्व्हरवरून वाढा. जावा उरेल ती शोध, लॉगिन आणि संपादकांच्या पूर्वदृश्यापुरती. कोकूनची ती गुंतागुंतीची कॅश याच दुखण्यावरचा इलाज होती. दुखणंच नसेल तर इलाजही नको.

सुरक्षेचं थोडक्यात. संपादक बाहेरून एक्सएमएल अपलोड करत असतील तर पार्सरला डॉकटाइप (फाइलीच्या माथ्यावरची रचनेची घोषणा) नाकारायला सांगा. नाहीतर बाह्य एंटिटीच्या वाटेने सर्व्हरवरच्या फाइली वाचता येतात. तुमच्या स्वतःच्या जुन्या फाइलींना डॉकटाइप असणारच, त्यांच्यासाठी डीटीडी (त्या रचनेच्या नियमांची फाइल) स्वतःच्या डिस्कवर ठेवा आणि ती कुठे आहे ते सांगणारा कॅटलॉग लावा, जावा ९ पासून ती सोय आतच आहे. नाही लावलात तर पार्सर प्रत्येक फाइलीसाठी डीटीडी आणायला इंटरनेटवर जातो. मग फायरवॉलमागे तुमचं ॲप्लिकेशन का अडकलंय ते शोधत तुम्ही एक सकाळ घालवता. मी घालवली आहे.

आता पीडीएफ आणि मराठी. खरा घाम इथेच निघणार आहे, आणि तुमच्या साहेबांनी याचा विचारच केलेला नाही.

कोकून २.१ सोबत एफओपीची, म्हणजे पीडीएफ बनवणाऱ्या अपाचीच्याच प्रोग्रामची, ०.२०.५ ही आवृत्ती यायची. तिला देवनागरी जोडता येत नाही. एफओपीमध्ये जोडाक्षरांच्या लिप्यांसाठी आधार १.१ या आवृत्तीत, २०१२ मध्ये आला. म्हणजे एफओपी बदलावंच लागेल, सध्याची २ च्या मालिकेतली आवृत्ती घ्या. मधल्या काळात त्याचं पानं मांडणारं यंत्रच नव्याने लिहिलं गेलं आणि ते शिस्तीचं झालं. तक्त्याच्या रिकाम्या खणात ब्लॉक नसेल तर जुनं एफओपी दुर्लक्ष करायचं, नवं चूक दाखवून थांबतं. ही तपासणी सैल करता येते, पण करू नका. दोन दिवस लागले तरी स्टाइलशीट सुधारा.

पहिल्यांदा मराठी पीडीएफ काढाल तेव्हा पानभर ######## दिसेल. घाबरू नका. त्या फाँटमध्ये ते अक्षर नाही, असं एफओपी त्या खुणेने सांगतं. कॉन्फिगरेशन फाइलीत देवनागरीचा फाँट नोंदवा, नोटो किंवा लोहित चालेल, आणि एफओमध्ये (एफओपीला पानांची मांडणी सांगणारं एक्सएमएल) फाँटच्या यादीत त्याचं नाव घाला. मग एक कसोटीचं वाक्य बनवा. माझं असं असतं: ‘किल्ल्यांच्या दऱ्यांतून सऱ्या पाडून क्षारयुक्त पाणी शृंखलेने वर्ज्य करावे’. अर्थाला काही अर्थ नाही, पण पहिली वेलांटी, रफार, चंद्रकोरीसारखा अर्धा र, क्ष, शृ आणि ल्ल्य एका दमात तपासून होतात.

त्या अर्ध्या र कडे खास लक्ष द्या, कारण हिंदीच्या फाइलींवर घडलेल्या लोकांना तो माहीतच नसतो. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला सापडतो, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि दुसरा साध्या र ला हलंत देऊन पुढे न दिसणारा जोडक घालून. एका कामात कोणीतरी ‘अदृश्य अक्षरं साफ करा’ म्हणून स्क्रिप्ट चालवली आणि दऱ्याचा दर्या झाला. डोंगरातली वाट समुद्रात गेली. म्हणून मजकूर आत येतानाच सगळीकडे ऱ वापरून एकसारखा करा आणि नंतर त्याला कोणी हात लावू नये असं बघा. अनुवादकाकडून श्रीलिपीसारख्या जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधला मजकूर आला तर आधी रूपांतर आणि मग माणसाच्या डोळ्याखालून एक फेरी. त्याशिवाय तो प्रणालीत घेऊच नका.

आकड्यांचंही बघून घ्या. किमती लाख-कोटीच्या स्वल्पविरामांनी हव्या असतील तर जावाचं जुनं इंजिन १२,३४,५६७ चं १,२३४,५६७ करतं. त्यामागचा डेसिमलफॉरमॅट (आकडे मांडणारा जावाचा भाग) स्वल्पविरामाचा शेवटचा गटच धरतो आणि तोच पुढे गिरवत जातो. सॅक्सनमध्ये नमुना ##,##,##0 असा दिला की विराम तुम्ही सांगितलेल्या जागीच पडतात. कोटी हवे असतील तर नमुना डावीकडे तेवढा लांबवा. देवनागरी अंक हवे तर स्टाइलशीटमधल्या डेसिमल-फॉरमॅट सूचनेत शून्याचं चिन्ह ० ठेवा. मात्र मग नमुन्यातलं शून्यही देवनागरीच हवं. यावर माझी एक दुपार गेली आहे.

आणि सूची. युनिकोडच्या क्रमाने लावलीत तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, म्हणजे ‘नळी’ आधी आणि ‘नवीन जोडणी’ नंतर. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर. क्रमवारीचे नियम स्वतः द्यावे लागतात. शेतकऱ्याला कदाचित चालून जाईल, पण मुद्रितं तपासणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी पकडतील.

मोठ्या पुस्तिकांना मेमरी पुरत नसेल तर मेमरी वाढवण्याआधी एफओ बघा. अख्खं पुस्तक एकाच पेज-सीक्वेन्समध्ये (सलग पानांचा गट) असतं तोवर एफओपी बरंच काही धरून बसतं. प्रत्येक प्रकरणाला वेगळा सीक्वेन्स द्या. ‘४२ पैकी पान ३’ हा हौसेचा मजकूरही महाग पडतो, कारण शेवटचं पान कळेपर्यंत आधीची पानं अडून राहतात. पीडीएफ थेट उत्तरात ओतू नका. आधी तात्पुरत्या फाइलीत पूर्ण होऊ द्या, मग पाठवा. नाहीतर पान ३० वर काही बिनसलं की लोकांकडे अर्धवट फाइल जाते आणि सर्व्हर मात्र ‘यशस्वी’ म्हणून मोकळा होतो.

एवढं करूनही एखाद्या फाँटमध्ये जोडाक्षरं मनासारखी येत नसतील तर पर्याय आहे. स्टाइलशीटमधून छपाईसाठी वेगळं एचटीएमएल काढा आणि ते क्रोमला बिनचेहऱ्याने, म्हणजे खिडकी न उघडता, चालवून पीडीएफ करा. त्याची अक्षरजुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते आणि ती उत्तम असते. पण अनुक्रमणिकेत पानांचे आकडे आणणं तिथे डोकेदुखी आहे. दोन-चार पानी माहितीपत्रकं क्रोमने, दोनशे पानी पुस्तिका एफओपीने, अशी वाटणी मी केलेली आहे आणि ती टिकली आहे. तेवढ्यासाठी मजकूर एका जागी आणि रूपांतरं वेगळी असावी लागतात, आणि ते तुमच्याकडे आधीच आहे. साहेबांना हीच गोष्ट दाखवा. वाद घालू नका. एक पुस्तिका घ्या, तिचं वेबपान, मराठी पीडीएफ आणि हवं तर त्याच एक्सएमएलमधून काढलेलं जेसॉन, तिन्ही आठवड्याभरात समोर ठेवा. साहेबांना रिॲक्ट हवंच असेल तर ते त्या जेसॉनवर बसवू द्या, आपलं काही बिघडत नाही.

यापुढे नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: लायब्ररीच्या फोल्डरमधल्या एफओपीच्या जारचं पूर्ण नाव, फ्लोस्क्रिप्टच्या फाइलींच्या एकूण ओळी, आणि तुमच्या एक्सएमएलचं मूळ घटकाचं नाव, म्हणजे ते डॉकबुक (पुस्तिकांसाठीचा ठरलेला एक्सएमएल साचा) आहे की घरचंच काही ते कळेल. एवढं कळवा.